रणगाड्याचा रेडिओ आणि मामांचा ट्रॅक्टर

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचा रेडिओ मी सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला, आणि तोही मागं उसाची ट्रॉली भरून उभी असताना.

ही लोखंडी पेटी मला कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडं सापडली. उचलताना कंबर बोलते. बायको म्हणाली, "घरात ती राहील न्हाय तर मी." म्हणून पेटी गाडीत घालून सासुरवाडीला, शिरोळला नेली. पेटीला बारा व्होल्ट लागतात, ट्रॅक्टरची बॅटरीही बाराचीच. या योगाचं मला भलतंच कौतुक वाटलं.

ऊसतोड मजुरांच्या टोळीनं सकाळीच ऊस तोडून ट्रॉली भरली होती. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजनाला घटतो, म्हणून सासरे घाईत होते. मी म्हटलं, "मामा, चहा होईतो जरा ऐकू की."

वायरी जोडल्या. आतले काचेचे व्हॉल्व्ह लाल झाले, पेटी गिरणीसारखी घरघरू लागली. टोळीतली माणसं भोवती जमली. मी हेडफोन चढवला. कानात नुसती खरखर! पण एवढ्या पब्लिकसमोर कबूल कोण करणार?

"काय येतंय का ऐकू, पावणं?" टोळीच्या मुकादमानं विचारलं.

"येतंय की! लांबचं हाय, जरा तापू दे."

तापू दे, तापू दे करत चहा दोनदा फिरला. तेवढ्यात एका रणगाड्यातनं दुसऱ्या रणगाड्याशी सैनिक कसं बोलत, यावर मी व्याख्यानही झोडलं. मग घरघर मंदावली, व्हॉल्व्ह विझले.

"केंद्र बंद झालं वाटतं," मी म्हणालो.

मामांनी चावी फिरवली. ट्रॅक्टर फक्त 'टक्' म्हणाला. मग मला आठवलं, की ही पेटी बॅटरी उसाच्या कांड्यासारखी चोखून टाकते, म्हणून रणगाड्यात बॅटरी सतत भरत ठेवावी लागे. व्याख्यानात नेमकं तेवढंच राहिलं होतं.

ट्रॉली सोडली. मामा सीटवर, माझे सगळे श्रोते मागं ढकलायला. मीही जोर लावला. उताराला ट्रॅक्टर खोकला, दचकला आणि सुरू झाला; मी गळ्यातल्या हेडफोनसकट चिखलात.

ट्रॉली पुन्हा जोडून मामा निघाले. मी अंग झटकत विचारलं, "मामा, रागावला न्हाय न्हवं?"

"राग कशाचा, पावणं? तुमास्नी त्या रणगाड्यात बसवलं असतं, तर शत्रूला एकबी गोळी घालाय लागली नसती."