बिनमंजुरीचा एसी

आमच्या थोरल्या काकांची आठवण निघाली की आजही माझं तोंड कडू होतं. माणूस वाईट नव्हता म्हणतात. म्हणोत बापडे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाहूपुरीत आमची गुळाची अडत आणि दुकानाच्या वरच सगळ्यांचं बिऱ्हाड. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला आणि ते पत्र्याखालच्या खोलीत कॉटला खिळले. त्यांचं सगळं मीच करायची. उन्हाळा लागला तशी घामानं पाठ चिघळली, जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, "खोली गार ठेवा. पाठ कोरडी राहिली नाही तर या जखमाच त्यांना नेतील."

काका इरेला पेटले. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातला एसी टेम्पोत घालून घेऊन आले. एवढं केलं त्यांनी, मी नाही म्हणत नाही. पण विकणाऱ्यानं बजावलं होतं, याला वीज फार लागते, आधी वीज ऑफिसात अर्ज द्या, लोड वाढवून घ्या आणि मगच जोडा. मीटर काकांच्या नावावर, म्हणजे सही त्यांचीच हवी. मी अर्ज लिहून पुढं धरला. त्यांनी बघितलासुद्धा नाही.

"अर्ज वळख नसणाऱ्यानं करायचा. वायरमन आपल्याच तालमीतला हाय. त्याला जेवायला बलीव."

आमच्याकडची ही खोडच. कचेरीत कागद द्यायचा म्हणजे यांना हात पसरल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा बकरं कापतील. वायरमन आला, मटणावर आडवा हात मारला आणि बोटं चाटत म्हणाला, "करा की चालू. मी हाय न्हवं?" झाली मंजुरी. एसीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

आणि आबा झोपले हो. कित्येक महिन्यांनी माणूस शांत झोपला. पाठ सुकायला लागली. एकदा मला जवळ बोलावून काहीतरी म्हणाले. तोंड वाकडं, शब्द तुटके, पण मला कळलं. पन्हाळ्यावर गार वाऱ्याला बसल्यासारखं वाटतंय म्हणत होते.

पण एसी चालू केला की खांबावरचा फ्यूज उडायचा आणि अख्ख्या गल्लीची वीज जायची. शेजारी सांगायला आले, काकांनी त्यांनाच दमात घेतलं. मग तक्रार गेली. वीज ऑफिसात नवीन साहेब आले होते, बाहेरगावचे. दारात उभे राहून मंजुरी दाखवा म्हणाले. काकांनी सोबतच्या वायरमनकडं बघितलं, तर तो आपल्या चपलांकडं बघत होता. साहेबांनी सांगितलं आणि तोच गडी, आमच्या घरचं मटण जिरवलेला, खांबावर चढून आमची वीज तोडून खाली उतरला. एसी गेलाच, साधा पंखासुद्धा बंद.

साहेब जाताना मला म्हणाले, "पेशंट आहे तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज द्यायचा होता. मी लगेच मंजूर केला असता. अजून द्या, लगेच जोडून देतो."

मी कागद परत काकांपुढं धरला.

"आता सही करू? म्हंजे माझं चुकलं म्हणून लिवून देऊ व्हय? गल्लीत तोंड कुठं दाखवू? थांब, वरची वळख काढतो."

वरची ओळख मुंबईला गेली होती. मी रोज कागद पुढं करायची, ते रोज उद्यावर ढकलायचे. पत्रा तापून खोलीची भट्टी व्हायची आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. पाठीला परत पाणी सुटलं, वास यायला लागला. काका नाकाला उपरणं लावून दारातनंच विचारायचे, "कसं हाय?" आबांच्या जखमा मी दोन्ही हातांनी धुतल्या, त्यांची मला कधी किळस आली नाही. शिसारी आली ती या माणसाची. वैशाख संपायच्या आत आबा गेले.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी काका माझ्याकडं आले. "त्यो अर्ज कुठाय गं? पावणं यायचं हायत. त्यास्नी उकाड्यात बसवायचं व्हय?" उभ्या उभ्या सही केली. संध्याकाळपर्यंत वीज आली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर पाहुणे पंख्याखाली पान लावत बसले होते आणि काका एकेकाला सांगत होते, "भावासाठी एसी आणला हुता मी. पुण्यासनं."