उखाण्यातला उमेदवार

का हो, उमेदवाराचं नाव न घेता मतं मागता येतात का? मी मागितली आहेत. आणि माझं दुर्दैव असं, की ती मिळालीसुद्धा!

गोष्ट नागपूर महापालिकेच्या निवडणुकीची. सायकलरिक्षाला भोंगा बांधून प्रचार चालायचा, तेव्हाची. सक्करदऱ्यात आमच्या पक्षाचं महिला मंडळ मी सांभाळायची. आणि पक्षाने तिकीट द्यावं कुणाला? देशी दारूच्या दुकानाच्या मालकाला! ज्या दुकानासमोर आदल्याच वर्षी मी बायांना घेऊन ठिय्या दिला होता, त्याच्याच!

मी तडक पक्षाच्या कचेरीत गेले. तिथले भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "ताई, माणूस काहून पाहता? निशाणी पाहा. आपली सत्ता आली तर तुमच्या वस्तीत प्रसूतिगृह होते का नाही, बोला!"

आमच्या बाया दवाखाना गाठायच्या आधी रिक्षातच बाळंत व्हायच्या. मी हो म्हटलं आणि खट्टू मनाने घरी आले.

खरी पंचाईत तर पुढेच होती. उमेदवाराचं नाव वामनराव. आता कसं सांगू, आमच्या ह्यांचंही नाव तेच! आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही माझ्या माहेरापासूनची सवय. वस्ती ह्यांना गुरुजी म्हणायची आणि त्या दुकानदाराला शेट. दोघांची खरी नावं कुणाच्या कानावर कधी पडलीच नव्हती. ठिय्याच्या धास्तीने शेट आमच्या वस्तीत प्रचाराला फिरकला नाही, आणि भोंगाही नुसत्या निशाणीचाच पुकारा करायचा.

घरोघरी मी नुसती निशाणी दाखवायची.

"पण उभं कोण राहिलं, वं बाई?" भाजी विकणाऱ्या सखूबाईने एकदा विचारलंच.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "तिथे लिहिलंय."

"मले वाचता येते का? तोंडानं सांगा न!"

मी पदर सावरत पुढच्या घरी पळाले.

शेवटी हळदीकुंकू ठेवलं. सगळी वस्ती जमली. आज नाव घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मला कळत होतं. तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली, बरं का! नवऱ्याचं नाव घ्यायची आपल्याकडे एक रीत आहेच की! मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"सक्करदऱ्याच्या तळ्याला दगडाची पाळ,
वामनरावांना मत द्या, सुखरूप येईल बाळ!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सखूबाईने तर तोंडावर पदर धरला. "अवं माय! आता समजलं, बाई सांगून काहून नाही राहिल्या ते!"

काय समजलं, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

"माणूस चांगला आहे ना, बाई?" मागून कुणी तरी खोडसाळपणे विचारलं.

त्या शेटला चांगला कसा म्हणू? खोटं बोलवेना. मी मान खाली घातली.

"पाहा, पाहा, कशी लाजली!"

आणि वामनराव निवडून आले. दणक्यात!

संध्याकाळी बाया झेंडूचा हार घेऊन आमच्या दारात. हे ओसरीवर वह्या तपासत बसले होते.

"गुरुजी, मान पुढे करा!" सखूबाईने हार घातलासुद्धा. "आता प्रसूतिगृह तर आणाच, पण पहिले त्या शेटचं दारूचं दुकान हटवा. तुमच्या नावावर शिक्का मारला आम्ही साऱ्यांनी!"

ह्यांनी आधी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सगळं सांगावं लागलं.

सखूबाई मटकन खालीच बसली. "म्हणजे आम्ही त्या शेटलेच मत देल्लं? अन् बाई, तुम्ही त्याचं नाव उखाण्यात घेतलं?"

"मग कसं घेऊ?"

"आता आमच्या संग ठिय्यावर चला, दुसरं काय!"

मी लगेच कबूल झाले. हे हार काढता काढता एवढंच म्हणाले, "चला जरूर. फक्त घोषणा देताना आडनाव लावत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या त्या दुकानासमोर जाऊन बसलो. सखूबाई ओरडायची, "वामनराव!" बाया म्हणायच्या, "मुर्दाबाद!" आडनाव लावायची आठवण कुणालाच राहिली नाही, आणि मी डोक्यावर पदर घेऊन नुसतं "मुर्दाबाद" तेवढं म्हटलं.