ब्रेक मारा, बॅटरी भरा!

आमची नवी हायब्रिड गाडी मी अर्धा किलोमीटर ढकलत नेली. तेव्हा ती चालू होती.

भाच्याचा, म्हणजे पंकजचा, साखरपुडा होता. पांढुर्ण्याहून सौसरमार्गे रामाकोन्याला अकराच्या आत पोचायचं होतं. कारण मुलीचे वडील रिटायर्ड हेडमास्तर, पाच मिनिटं उशीर झाला तर सोयरीक मोडतील असा माणूस!

"हे गाडी पेट्रोलवर बी चालते आन् बॅटरीवर बी," मी मागे बसलेल्या ताईला, पंकजच्या आईला, सांगितलं. "ब्रेक मारला का बॅटरी आपोआप भरते. फुकटात!"

फुकट म्हटल्यावर मी सोडतो का? दर बाभळीला ब्रेक! सौसर येईतो बायकोच्या कपाळाचं कुंकू समोरच्या काचेवर उमटलं.

"काहून गचके देऊन राहिला बे?" ताई ओरडली.

"बॅटरी भरून राहिलो!"

भरली, काठोकाठ भरली. सौसरच्या पुढे गतिरोधकावर गाडी हळू झाली आणि इंजिन चूप! (बॅटरी भरलेली असली की इंजिन झोपतं, हे विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मी तेव्हा त्याचा फुकटचा चहा पीत होतो.)

"बॅटरी बसली!" मी जाहीर केलं. "उतरा, धक्का मारा!"

दार उघडताच गाडी टूंटूं करू लागली. मला वाटलं, शेवटचे आचके देऊन राहिली. गिअर तसाच 'ड्राइव्ह'मध्ये होता, पण तिकडे कोण बघतो! मी खिडकीतून स्टिअरिंग धरलं. मागून शेरवानीतला नवरदेव आणि शालूतली बायको. गुडघ्यांमुळे ताई आतच.

"मामा, लय हलकी हाय जी गाडी!"

"ढकलाची टेक्निक लागते, बापा!"

शेवटी आमचा दम संपला. आम्ही थांबलो. गाडी थांबली नाही.

"अरे पोट्टेहो, मले एकलीले कुठं पाठवून राहिले?" ताई खिडकीतून!

आम्ही मागे धावतोय, आणि समोरून आम्हाला घ्यायला मोटरसायकलवर साक्षात हेडमास्तर! त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी रस्त्याकडेच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात विसावली, विहीणबाईंसकट.

"बंद पडली जी," मी धापा टाकत सांगितलं. हेडमास्तरांनी वाकून डॅशबोर्ड पाहिला. "बंद कुठं हाय जी? बॅटरीवर चालून राहिली." मग घड्याळ पाहिलं. मग पंकजला पाहिलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"कोनीच नाही," ताई खरं बोलली.

साखरपुडा झाला, वेळेत झाला. लग्नासाठी हेडमास्तरांनी एकच अट घातली: "पोरीच्या पाठवणीले हेच गाडी आना. मामाले मात्र बसनं आना. आन् बसले धक्का मारू देऊ नका."