ढलपी काढल्याबिगर

मुलांनो, आपल्या चिनूची एंडोस्कोपी स्वच्छ आली तरी तिच्या पोटातली जळजळ थांबत नाही असं कळलं, म्हणून हे आजच लिहिते.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका दवाखान्यात माझ्याही घशातून ती नळी घातली होती. डॉक्टर म्हणाले, सूज दिसत नाही. मी घरी निघाले होते. बाहेर बाकावर आलापल्लीच्या लाकूड डेपोत साग तपासून पास करणारा एक माणूस बसला होता. पोटाच्या त्रासाने दोन महिने तो पेजेवर होता आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. बोलताना तो सवयीने बाक ठोकून आवाज ऐके.

"भाऊ, डॉक्टरांनी आत पाहिलं ना?" मी विचारलं.

"पायलं ना बाई. पण साग वरून साफ दिसते अन् अंदर कीड रायते. ढलपी काढल्याबिगर मी त्याले पास करत नाई. पोटाचा तुकडा तपासल्याबिगर मी इथून उठत नाई."

"इथीच घर बांधता का?" शिपाई ओरडला.

"लाकूड मी आणतो, जागा तू दे!"

मीही त्याच्या शेजारी बसले. दुपारी डॉक्टरांनी दोघांनाही पुन्हा आत घेऊन नळीतूनच पोटातले बारीक तुकडे तपासणीसाठी काढले. माझ्या तुकड्यात सूज निघाली. त्याचं काय झालं, ते कळलं नाही.

माझे दोन्ही रिपोर्ट अजून कपाटात आहेत. एक 'सर्व ठीक' म्हणतो, दुसरा सूज दाखवतो, आणि दोन्ही एकाच दिवशीच्या तपासणीचे आहेत.