तिन्ही दलं आणि आमच्या तीन विंगा

आयटीच्या भरभराटीत कोथरूडला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा विंगा तीन होत्या आणि मतं घरटी चार. त्यात बी विंगमध्ये कर्नलकाका राहायला आले, लष्कराच्या विधी शाखेतून निवृत्त होऊन. आवाज असा, की त्यांनी बाल्कनीतून 'चहा!' म्हटलं की स्वारगेटला कप विसळायला घेत.

काकांना एकच ध्यास. भूदल, नौदल, हवाईदल, तिघांचे कायदे वेगळे. तिघांवर मिळून एक अधिकारी नेमला, तरी दुसऱ्या दलाच्या जवानाला तो साधी शिक्षा करू शकत नाही. आधी कायदा बदला, मग सुधारणांच्या गप्पा मारा! तसा मसुदाच त्यांनी लिहून काढला होता. तो सोसायटीच्या पाठिंब्यानिशी दिल्लीला जावा, म्हणजे एकट्या म्हाताऱ्याचं खूळ वाटणार नाही, एवढीच त्यांची इच्छा.

वार्षिक सभेत गळक्या टाकीनंतर हा विषय निघाला.

"अहो, आपल्या अधिकारात बसतं का हे?" सेक्रेटरी म्हणाले. "घटनेनं संरक्षण केंद्राकडे दिलंय. आपल्याकडे फक्त पार्किंग."

"पाठिंब्याला अधिकार लागत नाही, कणा लागतो!" काका गरजले. खाली उभ्या स्कूटरी आडव्या झाल्या.

सगळ्यांचे हात वर गेले. तेवढ्यात काकांना उत्साह नडला. "सुरुवात इथूनच करू! तिन्ही विंगांचे वॉचमन एका प्रमुखाच्या हाताखाली!"

वर गेलेले हात झपाझप खाली आले.

"आमचा वॉचमन दुधाच्या पिशव्या वर आणून देतो," ए विंगच्या काकू उठल्या. "तो बीवाल्यांचा हुकूम ऐकणार? जमायचं नाही."

"सॉरी काका," सी विंगचा आयटीवाला अमेरिकेचा कॉल हाताने झाकत म्हणाला, "आमचा सेटअप डिस्टर्ब नका करू."

"अरे, पण एखादा ड्यूटीवर झोपला तर शिक्षा कोण करणार?"

"ज्याची विंग, त्याची शिक्षा!" अख्खी सभा ओरडली.

शेवटी सेक्रेटरींनी ठराव लिहिला: 'देशाच्या तिन्ही दलांसाठी एक कायदा व्हावा, यास सोसायटीचा एकमुखी पाठिंबा. वॉचमन मात्र विंगवारच राहतील.'

"ते शेवटचं वाक्य गाळा हो," काका प्रथमच हळू आवाजात म्हणाले. "दिल्लीत हसतील."

"गाळतो. मग सह्या मिळायच्या नाहीत."

काकांनी मिशीवरून हात फिरवला, ठराव मसुद्याला टाचला आणि मला स्कूटर काढायला लावली. पोस्टात पाकीट चिकटवताना म्हणाले, "जाऊ दे तसंच. हरकती कुठल्या येणार, ते संरक्षण मंत्रालयाला आधीच कळेल."