जाईबाईचं मुसकं

रहिमतपूर मागे टाकून तास-दीड तास झाला होता. ऊन अंगावर यायला लागलं होतं आणि औंधचा डोंगर अजून निळा-निळाच दिसत होता. जाईबाई माझ्या चार पावलं पुढे चालत होती. नाकापासून हनुवटीपर्यंत तिचं तोंड पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं होतं.

"मास्तरीण, काय तरी इचार मला," ती फडक्यातूनच म्हणाली. "नुसतं चालून काय कळनार? तितं बाया दिसभर बोलत्यात."

"काय विचारू?"

"काय बी. पाढं इचार."

मी दुसरीच्या वर्गाला शिकवायची. जाईबाई शाळेत कधी गेली नव्हती, पण तिचं घर शाळेच्या भिंतीला लागून. वीस वर्षं धुणी धुता धुता तिनं सगळे पाढे ऐकून पाठ केले होते.

"बारा साते?"

"चौऱ्याऐंशी! आवाज येतोय न्हवं नीट?"

"येतोय की."

"मग फुडं इचार. अवघड इचार."

तिचा उत्साह बघून मलाही चालण्याचा शीण वाटेना. रविवार होता, शाळेला सुट्टी. औंधच्या यमाईचं दर्शन घ्यायचं हे मनात होतंच. पण खरं कारण ते फडकं. रहिमतपूर ते औंध तोंडाला बांधून, बोलत, घाम गाळत चालता आलं, तर तेच फडकं बांधून डंकावर दिवसभर मिरची कांडता येईल, असा जाईबाईचा हिशेब.

डंक होता नानासोंचा, बाजारपेठेच्या टोकाला. पट्ट्यावर चालणारी लोखंडी मुसळं आणि त्यांच्यापुढे सहा बाया. फाल्गुन लागला की सगळ्या गावाचं वर्षाचं तिखट तिथंच व्हायचं. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या सहाजणींतली एक जाईबाईची थोरली जाऊ, रंगूबाई. नवरा वारल्यापासून ती वेगळी राहायची आणि स्वतःच्या मेहनतीचं खायची. "धाकट्या दिराच्या घरात मी सनाला जेवीन, रोज न्हाई," हा तिचा बाणा. पण मिरचीचा खकाणा तिच्या छातीत बसला होता. एकदा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायचे. बाया तोंडाला पदर गुंडाळायच्या, तर आदल्या साली एकीचा पदर पट्ट्यात गेला. ती थोडक्यात वाचली. तेव्हापासून नानासोंनी तोंडाला पदर नाही, डोक्याला घट्ट फडकं आणि पदर कमरेला खोचलेला, असा नेमच केला. त्यात गिऱ्हाइकं बोलायला लागली, म्हातारी तिखटावर खोकते म्हणून. नानासो मनानं वाईट नव्हते. पण त्यांनी सांगून टाकलं होतं, "आक्का, येत्या बाजारापतोर खोकला थांबला तर ऱ्हावा. न्हाईतर घरी इस्वाटा घ्या."

बाजार चार दिवसांवर आला होता.

जाईबाईचे मालक हिंदुराव फौजेत शिंपी होते. पेन्शनीत येताना शिवणाचं ज्ञान घेऊन आले आणि ओसरीवर मशीन टाकली. वहिनीसाठी पहिली तोंडपट्टी त्यांनीच शिवली. खाकी ड्रिलची, चार कोपरे काटकोनात, चार नाड्या. रंगूबाईनं ती बांधली आणि दोन मिनिटांत ओढून काढली.

"भावजी, ह्यात दम घेता येत न्हाई. नुसती परेड करावी वाटती!"

"फौजेत सगळ्यांस्नी एकच माप असतंय," हिंदुराव गंभीरपणे म्हणाले.

"फौजेत मिरची कांडत्यात व्हय?"

मग जाईबाईनं कात्री स्वतःच्या हातात घेतली. दुसरी पट्टी मांजरपाटाची, दोन पदरी. तीच बांधून आम्ही औंधची वाट धरली होती.

अर्ध्या वाटेवर बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन समोरून आला. दरवर्षी त्याची मेंढरं जाईबाईच्या रानात खतासाठी बसायची, म्हणून ओळख. त्यानं काठीवर हनुवटी टेकली आणि बघतच राहिला.

"आवं जाईबाई, मळणीच्या बैलाला मुसकं घालत्यात. बाईला कशापायी? मालकास्नी चावतीया व्हय?"

"मालकास्नी न्हाई चावत," जाईबाई चालता चालताच म्हणाली. "वाटंत आगाऊ बोलनारं कोन गावलं तर चावते. तुज्याच भल्यासाठी घातलंय हे."

बिराप्पा हसून हसून खाली बसला. मला मात्र त्याच्या त्या शब्दाची लाज वाटली. जाईबाईला नाही. "मुसकं," ती पुन्हा पुन्हा म्हणून बघायला लागली. "ब्येस हाय की नाव! तोंडपट्टीपरीस सोपं."

पण ऊन डोक्यावर आलं आणि गडबड सुरू झाली. फडकं घामानं भिजलं. आता श्वास आत घेतला की कापड नाकपुड्यांना चिकटायचं, बाहेर सोडला की फुगायचं. मी सतरा आठे विचारले, तर "एकशे" म्हणाली आणि पुढे आवाजच नाही. तिनं फडकं ओढून खाली केलं आणि बांधावरच्या लिंबाखाली धपकन बसली.

"गेलं की गं सगळं," ती म्हणाली. "मी नुसती चालतीया तर गुदमरले. आक्का तितं मरंल ह्यात."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं घेतला नाही. ते भिजलेलं फडकं मांडीवर पसरून ती बघत राहिली. मग तिनं ते चिमटीत धरून मधोमध उचललं. सोडलं. पुन्हा उचललं. कापड मध्ये फुगीर झालं की खाली पोकळी व्हायची. एकदम तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली स्वतःकडे बघितलं.

"मास्तरीण! चोळी!"

"काय चोळी?"

"आगं, चोळी सपाट कापडाची शिवली तर बसंल का अंगाला? चुणी घालतोच की आपुन! मधी शिवन घेतो, खाली चुणी घालतो, मग ती गोल हुती. मग नाकाला आन हनुवटीला काय सपाट घालायचं?"

मी आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी मी पदर सारखा केला. जाईबाई मात्र हसत सुटली होती. कमरेच्या चंचीत मिशरीच्या डबीशेजारी तिची सुई-दोरा कायम असायचा. लिंबाखाली बसून तिनं फडकं मधोमध दातानं फाडलं, दोन तुकडे बाकदार करून जोडले, हनुवटीखाली दोन चुण्या घातल्या. मी बाजूला बसून दोरा ओवून देत होते. तिचे टाके सरळ पडत होते.

बांधलं. कापड नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीखाली टेकलं, आणि तोंडापुढे चांगली बोटभर पोकळी राहिली. तिनं भसाभस चार-पाच श्वास घेतले.

"इचार आता! सतरा आठे एकशे छत्तीस! फुडं?"

मग ती चालली नाही, पळाली. तिला गाठताना माझा दम निघाला आणि ती त्या फडक्यातून मला चिडवत होती की, "तुलाच मुसकं नसून धाप लागलीया, मास्तरीण!"

डोंगराच्या पायऱ्या ती तशीच चढली. वर देवळात गुरव म्हणाले, "बाई, आईपुढं तोंड झाकून नाही." तिनं फडकं सोडलं आणि आतून चाचपून बघितलं. कोरडं नव्हतं, पण चिकटलेलंही नव्हतं. नाकावर वळसुद्धा उठला नव्हता. तिनं ते देवीच्या पायरीवर ठेवलं, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाली, "आई, तूच सुचवलंस. आता आक्काच्या मनाला पटव. ती हट्टी हाय, तुला ठावं हाय." मीही मागायचं ते मागितलं. परतताना एस्टी मिळाली.

पुढचे तीन दिवस ओसरीवर मशीन थांबली नाही. मांजरपाट गेला, नव्या कापडाची खळ घामात टोचते, असं जाईबाई म्हणाली. रंगूबाईचंच धुवून-धुवून मऊ झालेलं जुनं लुगडं कापलं. लोंबत्या नाड्या गेल्या, कारण पट्ट्याची भीती. त्यांच्या जागी अंबाड्याखाली एकच पट्टी आणि दोन बटणं. हिंदुराव बायकोच्या हाताखाली काजं करत बसायचे आणि कुणी विचारलं तर "नवीन कमांडर आलाय," म्हणायचे. तीन मुसकी फुकट गेली. चौथं रंगूबाईच्या तोंडावर बसलं. ती आरशात बघून एवढंच म्हणाली, "काठ वर आला असता तर बरं दिसलं असतं." जाईबाईनं ते उसवलं आणि काठ वर घेतला.

बाजाराच्या दिवशी सकाळची शाळा होती. सुटल्याबरोबर मी डंकाकडे धावले. लांबूनच मुसळांचा धडधडाट ऐकू येत होता. बाहेर ओळीनं गिऱ्हाइकं उभी, सगळी शिंकत होती. मी कान देऊन ऐकलं. रंगूबाईचा तो खोकला मला ओळखीचा होता, गल्लीत कुठूनही कळायचा. तो येत नव्हता. पाठवली म्हातारीला घरी, असंच वाटलं.

दारात जाईबाई उभी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढवली माझी.

"आत बघ," ती म्हणाली.

लाल धुरळ्यात सहा बाया. पाचजणी खोकत, डोळे पुसत होत्या. सहावी रंगूबाई, डाळिंबी काठाचं मुसकं तोंडावर, हात मुसळाच्या तालावर खालीवर चाललेले, आणि त्या गोंगाटात ती ओवी म्हणत होती! शब्द ऐकू येत नव्हते, पण मुसक्याचं कापड हलताना दिसत होतं.

"सकाळधरनं?" मी विचारलं.

"सकाळधरनं. दोनदा ठसका आला, तो बी चहा पिताना."

दुपारी पट्टा थांबला. रंगूबाई बाहेर आली, बटणं काढली. मुसकं बाहेरून तांबडंलाल झालेलं, आतून स्वच्छच होतं. तिनं ते उलटं करून नानासोंच्या नाकापुढे धरलं. "बघा. हे सगळं कालपतोर माज्या छातीत जात हुतं."

नानासोंनी ते आतून बोटानं चाचपून बघितलं. मग रुमालात शिंकून म्हणाले, "आक्का, तुमचा खोकला न्हाई तर डंकावर करमंना बघा मला." आणि जाईबाईकडे वळून, "बाकीच्या पाचीजणींची मापं घ्या, जाईबाई. आन एक मला. फकस्त काठ नगं."

रंगूबाई जावेजवळ आली, आणि लाल झालेल्या हातानं तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जाईबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही सगळ्याजणी म्हणालो मिरचीनं आलं, आणि हसलो.

ही बातमी सांगलीपर्यंत कशी पोचली देव जाणे. जाईबाईची धाकटी बहीण चंद्राबाई तिथं मिरचीच्या वखारीत देठं मोडायला जायची. चाळीस बाया एका छपराखाली. पाडव्यानंतर तिचा निरोप आला, कसं शिवायचं ते कळवा, आम्ही इथं शिवून घेतो. जाईबाई त्याच संध्याकाळी आंतर्देशीय पत्र घेऊन माझ्या दारात. ती सांगत होती, मी लिहीत होते. आपापले जुने लुगडे घ्यावे, दुसरीचे नको, तोंडाला लागायचे आहे. नाडी लोंबती ठेवू नये. मग मी लिहिलं, "चोळीला ज्याप्रमाणे छातीशी..." आणि तिनं माझा हातच धरला.

"थांब, थांब! काय लिवतीस?"

"तू सांगितलंस तेच."

"आगं, चंद्रीला वाचाय कुटं येतंय! वखारीत पत्र मुकादम वाचून दावतोय, सगळ्या बायास्नी गोळा करून. तो हे मोठ्यांदा वाचनार? बाया लाजंनं माना खाली घालतील, आन मापाकडं ध्यान कुनाचं ऱ्हाईल?"

मी पत्रावरची ओळ खोडली. दुसरी कशी लिहावी ते सुचेना. नारळाची वाटी म्हणून बघितलं, चंद्राची कोर म्हणून बघितलं. जाईबाई मान हलवत होती. मग तिनं ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी घातली.

"मास्तरीण, हे कागदाचं काम न्हाई. तुला पोरांस्नी शिकवायची हातोटी हाय. माज्यानं हितलं शिवन सोडून जाववत न्हाई, अजून तीन मुसकी व्हायची हायेत. रविवारी तू सांगलीला जा. मुकादमाला म्हनावं, बाहीर बस घटकाभर. दार लावून घे, त्या चाळीसजणीत बस, आन तोंडानं सांग. चोळी म्हन, छाती म्हन, लाजू नगं. एकीला जरी नीट बसवून दावलंस तरी बाकीच्या शिवतील. जाशील न्हवं?"