खांबाच्या दोन्ही बाजूंना

तोलाच्या बाबतीत आमच्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही, आणि त्या तोलापायी चारचौघांचा तोल घालवणाराही. घाटनांदूरचा हा माणूस सारी उमर मोठ्या नद्यांवरच्या सिमेंटच्या पुलांवर मुकादम होता. खोल पाण्यात खालून टेकू देता येत नाही, म्हणून खांबाच्या डोक्यावरून एक तुकडा डावीकडं ओतायचा, एक उजवीकडं, असा तो पूल पुढं सरकायचा. "एका अंगाला जास्त झालं की खांब कलंडतो, जावईबापू," हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीतच सांगितलं आणि पानात उजवीकडं जेवढी वांग्याची भाजी तेवढाच ठेचा डावीकडं वाढला. मी खाल्ला. नवा जावई दुसरं काय करणार?

लेकीला दोन शब्द बोलले की मला हाक मारून दोन बोलायचे. माझी चूक काय, हे विचारायची सोय नव्हती. मांजरसुंब्याला एकदा उजव्या हातात टरबूज आणि डाव्यात तेवढाच धोंडा घेऊन एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "आबा, धोंडा कावून?" "दुसऱ्या हातात टरबूज हाय न," आबा शांतपणे म्हणाले.

पण घरातच तोल गेला होता. माझे दोन्ही मेव्हणे बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आबांना अन्न गोड लागत नव्हतं. एका सकाळी त्यांनी अंगणात पिंप आडवं करून त्यावर लांब फळी टाकली आणि दोन टोकांना दोन लेक बसवले. बापाला न्हाई म्हणायची त्या घरात रीत नव्हती. धाकटा अंगानं दांडगा, म्हणून थोरल्याच्या मांडीवर मी पाण्याचे दोन कॅन ठेवले. दोघांचेही पाय अधांतरी लोंबकळू लागले. मग आबा स्वतः मधोमध चढून बसले. "आता एकटा उतरला की दुसरा आपटंल. मी मदी खांब हाय," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

अर्धा तास कुणी हललं नाही. मग आबांना खोकल्याची उबळ आली आणि फळी डगमगली.

थोरला समोर न बघताच म्हणाला, "बाळू, आबा पडतेल. संगंच उतरू."

"व्हय दादा. तू तीन म्हन."

उतरले. आबांनी गमज्यानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "कॅन सांडू नका."

आबा जाऊन दोन वर्षं झाली. पिंप आणि फळी अजून अंगणात आहेत, आणि दोघे भाऊ सकाळचा चहा त्यावरच घेतात, मांडीवरच्या कॅनसकट. परवा मी म्हटलं, मधे बसू का? दोघंही नको म्हणाले. थोरल्याचा चहा आधी संपला. धाकट्याचा संपेस्तोवर तो तसाच बसून राहिला.